भिजवलेला दोर

आमच्या रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात टाइम ऑफिसला अय्यूब डबीर नावाचा कारकून होता. गेटच्या आत डाव्या हाताला एक खिडकी, खिडकीमागे अय्यूब आणि अय्यूबमागे भिंतीवरचं मोठं घड्याळ. सातच्या शिफ्टला एखादा सात वाजून एक मिनिटाने आला, तर हा सात-एकच लिहायचा. मॅनेजरचा भाचा सात-चारला आला तेव्हा सात-चार लिहिलं. मी त्याचा शेजारी, जोडीदार, रोज एका बाकावर डबा खाणारा, तरी मला त्याने सात-दोनचं सहा-अठ्ठावन्न कधी करून दिलं नाही. मी चिडून म्हणायचो, "तुझ्या घरचा कोंबडासुद्धा कार्ड पंच करून आरवत असेल." तो हसायचा आणि आमनावहिनींनी दिलेला तळलेला बोंबील माझ्या डब्यात सरकवायचा. हा माणूस वाकत नाही, असं अख्ख्या कारखान्याला वाटायचं. मलाही वाटायचं.

केरू म्हात्रेला त्यानेच शोधला. केरू वडखळजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. आमच्याकडे सहा वर्षं बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज गेटवर यायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर आल्या पावली परत. एकदा सकाळी नागोठण्याला रोह्याची एसटी बंद पडली. तिच्यातले लोक दीड तास उशिरा आले आणि केरू मात्र वेळेवर, घामाने निथळत. "कसा आलास?" अय्यूबने विचारलं. "पलत," केरू म्हणाला. भिसे खिंड चढून-उतरून हा माणूस पळत आला होता, आणि पळत आल्यावर आठ तास पिंपं उचलणार होता. अय्यूबने मनातल्या मनात अंतराला मिनिटांनी भागलं आणि दुपारी डबा न उघडताच मला म्हणाला, "महिपती, हा माणूस बांधावरून पळून पळून तयार झालाय. याला कोणी नुसतं घड्याळ लावायची गरज हाय."

त्याचा मेव्हणा फारुख कुवेतला होता. त्याच्याकडून अय्यूबने स्टॉपवॉच मागवलं. बायकोसाठी अत्तर नाही, स्वतःसाठी टेपरेकॉर्डर नाही. आमनावहिनी महिनाभर धुसफुसत होत्या.

हे सगळं सत्याऐंशी सालचं. त्या वर्षी हेड ऑफिसने एक परिपत्रक काढलं. कंपनीचे पाच कारखाने होते. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी क्रीडास्पर्धा घ्यायच्या, वेळा कळवायच्या, आणि पाच हजार मीटरला सगळ्या कारखान्यांत मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी, त्या बदली कामगाराला कायम करायचं. एक जागा. मुंबईत गालिच्यावर बसून असलं परिपत्रक काढणाऱ्याने आयुष्यात बस पकडायलासुद्धा धावलेलं नसणार. एक कारखाना आमचा, समुद्राच्या पातळीला, दमट हवेत. दुसरा निलगिरीच्या डोंगरात, सात हजार फुटांवर. कुठे राखेचा ट्रॅक, कुठे ढेकळं. सगळ्यांच्या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहायच्या आणि सगळ्यांत लहान आकड्याला नोकरी द्यायची!

पण केरूच्या घरी त्या कागदाची पूजा करायची तेवढी बाकी होती. त्याचं लग्न 'कायम झाल्यावर' या दोन शब्दांवर तीन वर्षं अडलं होतं. आई आजारी असायची, आणि कंपनीचा दवाखाना फक्त कायम माणसाच्या घरच्यांना होता.

धाटावला जिथे जिथे सपाट जमीन होती तिथे कारखाने उभे राहिले होते. मग स्पर्धा केरूच्या गावच्या शेतात घ्यायची ठरली. भात कापून झालेलं, जमीन ताटासारखी सपाट. प्रश्न आखणीचा होता. आमच्या सिव्हिल खात्याकडे पोलादी टेप होती, पण ती गेटबाहेर न्यायला तीन सह्या लागत आणि त्यातले एक साहेब रजेवर. अय्यूब म्हणाला, "टेप बाहेर जात नाय, तर दोर आत आणू."

केरूच्या गावात काथ्याचा एक लांब दोर होता. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने बांध घातलेला, आणि त्याची डागडुजी सगळ्या घरांनी मिळून करायची, याला ते जोळ म्हणतात. कोणाच्या वाट्याला किती बांध, ते त्या दोराने मोजून ठरायचं. केरूचा चुलता बाबाजी त्या दोराचा राखणदार. अय्यूबने तो दोर कारखान्यात आणला, गोदामाच्या फरशीवर पोलादी टेपेशेजारी ताणला आणि बरोबर पन्नास मीटरवर तांबडा दोरा बांधला. असे आठ दोर म्हणजे चारशे मीटरची एक फेरी. साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच हजार. माझ्यादेखत त्याने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा.

आखणीच्या दिवशी आम्ही शेतावर गेलो, तर बाबाजीने पहिलं काम काय केलं, तर दोराची गुंडाळी खाडीच्या पाण्यात बुडवली आणि वर पाय देऊन उभा राहिला.

"हे कशाला, बाबाजी?" अय्यूबने विचारलं.

"काथा सुका असला का येडावाकडा जातो, अय्यूबभाय. भिजवल्याबिगर सरल बसत नाय. माझ्या आजापासून आमी असाच मोजतो."

अय्यूबने मान हलवली. मीही हलवली. दोर खरंच छान सरळ बसला. आम्ही खुंट्या ठोकल्या, फक्की ओतली, बाबाजीच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि खूश होऊन परतलो.

स्पर्धेत केरू पंधरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत आला. दुसरा आला तो दोन फेऱ्या मागे. गावाने त्याला खांद्यावर घेतलं. अय्यूबने कागदावर आकडा लिहिला, सही केली आणि साहेबांनी तो त्याच दिवशी मुंबईला धाडला. आठवड्याने सगळ्यांच्या वेळा आल्या. पहिला केरू. दुसरा निलगिरीतला बदली कामगार, नाव बेल्ली, सोळा मिनिटं नऊ सेकंद. खाली एक ओळ होती : काही हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावी. केरूच्या आईने गावभर साखर वाटली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी अय्यूब खुंट्या आणायला गेला. जाताना दोर बरोबर नेला, बाबाजीला परत द्यायला. एवढे दिवस तो अय्यूबच्याच पडवीत वाळत पडला होता. शेतात गेल्यावर त्याने नुसता चाळा म्हणून तो दोन खुंट्यांमध्ये लावून बघितला. तांबडा दोरा खुंटीच्या पुढे दीड मीटर गेला. पुढच्या खुंटीलाही तसंच.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याने मला हे सांगितलं. त्याचा चेहरा उतरला होता. काथ्या भिजला की आखडतो. पन्नास मीटरचा दोर साडेअठ्ठेचाळीस झाला होता. फेरीमागे बारा मीटर कमी, साडेबारा फेऱ्यांत दीडशे. केरू पाच हजार मीटर धावलाच नव्हता. त्याच्या वेगाने दीडशे मीटरला एकोणतीस सेकंद लागतात. म्हणजे खरी वेळ सोळा-सतरा, बेल्लीच्या मागे.

"बाबाजीला बोललास?" मी विचारलं.

"बोललो. तो म्हणतो, ह्या दोरानं कधी कोणावर अन्याव झाला नाय. आणि ते खरं हाय, महिपती. सगळ्यांचे वाटे भिजल्या दोरानंच मोजलेले, सगळ्यांचे सारखेच आखडलेले. गावाला काय फरक पडतो? गावाला मीटर थोडाच पायजे होता." त्याने डबा बाजूला सरकवला. "मला पायजे होता. आणि मी तिथंच उभा होतो."

मी त्याला समजवायला लागलो. म्हटलं, त्या जमिनीत धसकटं होती, भेगा होत्या, पाय टाकला की फुपाटा उडत होता. बेल्ली धावला तो क्लबच्या राखेच्या ट्रॅकवर, दाबून घट्ट बसवलेल्या. आपल्या पोराचे फेरीमागे दीड सेकंद तरी त्या मातीने खाल्ले. वीस सेकंद तिथेच गेले. दोराने दिलं ते जमिनीने काढून घेतलं, फिट्टंफाट!

अय्यूबने शांतपणे ऐकलं. दोन दिवसांनी तो अर्धी रजा टाकून पेणला गेला, रामवाडीला उतरला, वाचनालयात बसला आणि जुन्या मासिकांतून एक टिपण करून घेऊन आला. अडुसष्ट सालचं मेक्सिकोचं ऑलिंपिक. ते शहर साधारण निलगिरीइतक्याच उंचीवर. तिथे दहा हजार मीटर जिंकणाऱ्याला विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटं जास्त लागली होती. हवा विरळ, छातीला पुरत नाही. छोट्या धावांना फरक नाही, पण लांब पल्ल्याचा माणूस तिथे गळतो.

"म्हणजे तुझे वीस सेकंद धर," तो म्हणाला, "तर त्याचे चाळीस धरायला लागतील. तो डोंगरावरचाच हाय, त्याला सवय हाय, म्हणून तीस धर. तरी तोच पुढं."

"मग धरू नकोस ना काहीच!" मी ओरडलो. "कागदावर आकडे आहेत, ते राहू देत. त्या बेल्लीला तू ओळखतोस? केरूला ओळखतोस!"

"म्हणून तर," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला होता, आणि आज कबूल करतो, राग त्याच्या खरेपणाचा होता. शहाण्या माणसाने एकट्याने खड्ड्यात उडी घ्यावी, दुसऱ्याची नोकरी बरोबर घेऊन उडी घेऊ नये, असं काहीतरी मी बोललो. त्याने डबा तसाच मिटला.

शेवटी त्याने तोड काढली. उंचीचा आणि मातीचा हिशेब माणसाने करू नये, तो कधी संपणार नाही. पण पाच हजार मीटर म्हणजे पाच हजार मीटर, एवढं तरी खरं असावं. तीच जमीन, सुका दोर, केरूने पुन्हा धावावं. सोळा-नऊच्या आत आला, तर जागा त्याचीच, कागद आहे तसा राहील. नाही आला, तर महिनाअखेरच्या आत अय्यूब स्वतः हरकत लिहिणार.

अय्यूबने केरूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, तुमी सांगाल तसा." त्याने एकदाही 'नको' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं मला कित्येकदा वाटलं आहे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं आणि बाबाजी, एवढेच शेतावर होतो. सुक्या दोराने आम्ही नव्याने आखणी केली. दोर खरंच वेडावाकडा जात होता, जागोजाग हाताने दाबून धरावा लागला. बाबाजी बांधावर पाठ करून बसला होता. फेब्रुवारी लागला होता, माती आणखी सुटली होती, आणि पुढे गाठायला दुसरा कोणी धावणारा नव्हता. स्पर्धेच्या दिवशी अय्यूब दर फेरीला वेळ ओरडून सांगत होता. या वेळी त्याने ठरवलं की ओरडायचं नाही. "आकडा ऐकला की पोराच्या छातीवर दगड पडतो," तो म्हणाला. मी फेऱ्या मोजत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो.

पहिल्या सहा फेऱ्या केरू सुंदर धावला. मग ऊन चढलं. नवव्या-दहाव्या फेरीला त्याचे पाय ढेकळांत अडखळायला लागले. अय्यूबच्या ओठांची हालचाल दिसत होती, तो दुवा मागत होता की सेकंद मोजत होता, कोण जाणे. शेवटच्या फेरीला मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघतच राहिलो. केरू रेषा ओलांडून चार पावलं पुढे गेला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. अय्यूबने बटण दाबलं.

सोळा मिनिटं अकरा सेकंद.

केरूने मान वर केली. तोंडावर माती, डोळे लाल. "किती, चाचा?"

बांधावर बाबाजी उभा राहिला होता. त्याच्या पलीकडे, घरांच्या बाजूला, केरूची आई आली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. लेक धावतोय म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन ती बिचारी उन्हात चालत आली होती.

"सोळा-चार," अय्यूब म्हणाला, आणि घड्याळ खिशात टाकलं.

परत येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. नागोठणं गेल्यावर मी म्हटलं, "बरोबर केलंस." एप्रिलमध्ये केरू कायम झाला, मे महिन्यात तीन वर्षं थांबलेल्या शकूशी त्याचं लग्न झालं. लग्नाला अय्यूब आला, जेवला आणि लवकर निघून गेला.

पुढच्याच वर्षी त्याने टाइम ऑफिस सोडून स्टोअरला बदली मागून घेतली. लोकांनी तर्क लढवले, कोणी म्हणे डोळे गेले, कोणी म्हणे साहेबांशी बिनसलं. मला माहीत होतं. सात-एकच्या माणसाला सात-एक लिहिताना त्याचा हात अडायचा. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायचे, त्यांना वेळ नसते. एकदा, माझ्या नकळत, त्याने निलगिरीच्या कारखान्याला पत्र लिहून बेल्लीची चौकशी केली. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की या नावाचा बदली कामगार आता हजेरीपटावर नाही. एवढंच. मेला, गेला, दुसरीकडे बरी नोकरी लागली, काही कळेना. ते पत्र वाचून मी पुन्हा म्हणालो, "सोड ना आता. बरोबर केलंस तू." आणि मग जेव्हा जेव्हा त्याचा चेहरा तसा व्हायचा, तेव्हा तेव्हा मी हेच वाक्य पाजत राहिलो. अडचणीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मला तेवढंच सुचायचं.

केरू पुन्हा धावला नाही. कंपनीच्या स्पर्धांना बोलावलं की गुडघा धरायचा. काम झालं, आता कशाला पळेल, असं लोक म्हणत. मीही म्हणत होतो.

दोन हजार एकोणीसला केरू निवृत्त झाला. त्याच संध्याकाळी तो पेढे घेऊन रोह्याला अय्यूबच्या घरी आला. मी तिथे होतोच, त्या दिवसांत रोज असायचो. अय्यूबला दम लागायचा, चार पावलं चालला की खुर्ची लागायची. केरूने वाकून नमस्कार केला. मुलगी बँकेत, मुलगा पनवेलला, सगळं सांगून झालं. आमनावहिनी चहा ठेवून आत गेल्या. तेव्हा अय्यूब म्हणाला, "केरू, एक विचारू? त्या रविवारी मी तुला सोळा-चार सांगितलं."

"व्हय."

"ते खरं नव्हतं रे."

मी घाईने मध्ये पडलो. "अय्यूब, झालं गेलं, कशाला आता…"

केरूने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "मना म्हायत होता, चाचा. धावनाऱ्याला समजतो. तुमी चार बोललात नि मी लगेच मान हालवली. आई तांब्या घेऊन हुबी होती. मंग कधी पलालोच नाय. पलालो असतो तर समद्यांना दिसला असता."

"मी चुकलो का?" अय्यूबने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण केरू आधी बोलला. "व्हय. चुकलात. मी बी चुकलो. पन पोरां शिकली, आई बारा वर्सं जगली. मी काय बोलू?"

अय्यूब रडायला लागला. मला केरूचा राग यायला हवा होता, आला नाही. बत्तीस वर्षं मी त्याला 'बरोबर केलंस' सांगत होतो आणि तो आतून वाळत चालला होता. 'चुकलास' म्हणणारं एक माणूस त्याला हवं होतं, आणि तेवढं धैर्य मला झालं नव्हतं. रडून झाल्यावर त्याचा श्वास जरा मोकळा झाला.

मग केरूने विचारलं, "चाचा, माजी खरी येल किती व्हती?"

अय्यूबने त्याच्याकडे नीट बघितलं. टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघायचा तसं.

"सोळा-अकरा."

केरू हिशेब करत बसला. बेल्लीचा सोळा-नऊचा आकडा तोही विसरला नव्हता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"दोन शेकंद," तो म्हणाला. "मना वाटला, मी लय मागं हाय. तुमी येल सांगत नवता. शेवटच्या वलनावर मी सोडून दिला, चाचा. उगी पाय टाकीत आलो."